डोक्यातली ‘झालं!’ची घंटा

ऐका ना! एक गंमत सांगते. कान जरा इकडे करा.

समजा, तुम्ही वाईला आहात. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव चालू आहे. घाटावर मांडव पडलाय. महाप्रसादाला जायचंय! सगळे नटूनथटून निघालेत. गल्लीच्या टोकाशी पोचलात आणि आई मध्येच थबकली.

“अगं बाई! कुलूप लावलं ना मी?”

बाबा म्हणतात, “लावलंस.” तुम्ही म्हणता, “लावलंस गं आई!” तरी आई मागे फिरते. कुलूप ओढून बघते. खट्! लागलेलंच असतं. आई स्वतःशीच हसते आणि वरात पुन्हा निघते.

आता नीट लक्ष द्या हं. आईने कुलूप ओढलं, त्याच वेळी तिच्या डोक्यात एक इवलीशी घंटा वाजली. टण्! “झालं! चला आता.”

ही घंटा कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. पण दिवसभर ती वाजतच असते! दात घासले, टण्! दप्तर भरलं, टण्! बुटाची नाडी बांधली, टण्! इतकी हळू वाजते की ती वाजली हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

मग ओळखा पाहू, ही घंटा वाजलीच नाही तर काय होईल?

ठमी आणि नळ

आपण एक मैत्रीण बनवू या. खरी नाही हं, मनातल्या मनात! तिचं नाव ठमी.

ठमी शाळेतून आली. हात धुतले. साबण लावला, फेस केला, पाणी घेतलं. हात चकाचक! आता हात पुसायचे आणि गरमागरम पोह्यांवर ताव मारायचा. हो ना?

पण ठमी नळापाशीच उभी! घंटा वाजलीच नाही ना! तिने परत हात धुतले. तरी नाही वाजली. परत धुतले. परत! पोहे गार झाले. हात लाल झाले. आई हाका मारमारून दमली.

रात्री गृहपाठाला बसली. एक अक्षर जरा वाकडं वाटलं. खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. शेवटी खोडरबराने कागदच फाटला! ठमीला रडू आलं.

तुम्ही म्हणाल, “हात स्वच्छ झालेत हे तिला कळत नाही का?”

इथेच तर खरं आश्चर्य आहे! तिला सगळं कळतं. तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. पण ‘कळणं’ वेगळं आणि ‘झाल्यासारखं वाटणं’ वेगळं!

तुम्हाला सपाटून भूक लागली आहे. कुणीतरी येऊन म्हणालं, “तुझं पोट भरलंय बरं का!” ऐकेल का पोट? छे! ते गुरगुरतच राहणार. ठमीचं अगदी तसंच होतं. डोळे म्हणतात स्वच्छ, आई म्हणते स्वच्छ, पण आतून ‘झालं’ येतच नाही.

या त्रासाला डॉक्टर ‘ओसीडी’ म्हणतात. नको असलेला एखादा विचार डोक्यात पुन्हा पुन्हा घुसतो. तो घालवायला एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. धुवायची, तपासायची, मोजायची, खोडायची. आणि हा त्रास काही फार दुर्मिळ नाही. शंभर माणसं घेतली, तर त्यांतल्या एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो.

मराठीत त्याला एक जुना शब्दही आहे. मंत्रचळ! मंत्र म्हणताना काही चुकलं की माणसाचं मन चळतं, असं पूर्वी लोकांना वाटायचं. पुढे दहा दहा वेळा हातपाय धुणाऱ्या माणसालाही लोक ‘मंत्रचळ लागला’ म्हणू लागले. बिचाऱ्या मंत्राचा यात काही दोष नाही. आणि त्या माणसाचाही नाही!

तपासणं वाईट का?

शब्दांवरून आठवलं! वाईत ज्ञानाचा एक मोठ्ठा कारखाना आहे. मराठी विश्वकोश! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड निघाला १९७६ साली. पुढे होता होता वीस जाडजूड खंड झाले. वीस! एक उचलायचा तर दोन्ही हात लागतात.

असं पुस्तक छापायच्या आधी काय करतात, माहीत आहे? कच्ची छपाई काढून तपासतात. तिला म्हणतात प्रूफ. कुठे काना राहिला, कुठे मात्रा पडली, सगळं शोधायचं. एकदा तपासायचं. दुरुस्त करायचं. पुन्हा एकदा बघायचं. मग कुणीतरी म्हणतं, “झालं! छापा.”

म्हणजे तपासणं मुळीच वाईट नाही. उलट फार चांगलं! आईने कुलूप ओढून बघितलं, त्यात काय बिघडलं? पण समजा, प्रूफ तपासणारा थांबलाच नाही तर? पहिलं पान शंभरदा, दोनशेदा, पाचशेदा! मग वीस खंड सोडाच, पहिलं पानसुद्धा छापखान्यात पोचलं नसतं.

म्हणजे अडतं कुठे? तपासण्यात नाही, थांबण्यात!

चला, वाड्यात शिरू या

ही घंटा डोक्यात नेमकी असते तरी कुठे? त्यासाठी आपण आधी मेणवलीला जाऊ. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर! तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे. ‘स्वदेस’ सिनेमाचं चित्रीकरण मेणवलीला झालं होतं, त्यामुळे टीव्हीवर हे गाव तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. आणि घाटावर काय आहे, ठाऊक आहे? एक भलीमोठी घंटा! १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतलीच ही एक.

आता अशा जुन्या वाड्यात निरोप कसा जायचा, ते बघा. दारापाशी देवडी. तिथे पहारेकरी बसलेला. मोठ्या दरवाजातच एक छोटा दरवाजा, दिंडी दरवाजा. ही दिंडी उघडली की निरोप आत जाणार. चौकामागून चौक ओलांडत तो पोचणार आतल्या माजघरात.

आपल्या डोक्यातही असाच वाडा आहे! वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास. पण त्यात राहणाऱ्या चेतापेशी किती असतील? सुमारे ८६ अब्ज! पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांना वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहापेक्षा जास्त येतील. आणि या तुमच्या एकट्याच्या डोक्यातल्या हं!

तुमच्या डोळ्यांच्या खोबणींच्या बरोबर वर, कपाळामागे, मेंदूचा एक भाग आहे. तो झाला आपला पहारेकरी. “हे ठीक दिसत नाही! इकडे लक्ष द्या!” असं ओरडायचं त्याचं काम.

आणखी आत एक भाग आहे, वळलेल्या शेपटीसारखा. म्हणून त्याचं नावच ‘कॉडेट’, म्हणजे शेपटीवाला! हा झाला दिंडी दरवाजा. कुठला निरोप आत सोडायचा, कुठला अडवायचा, हे ठरवायला तो मदत करतो.

आणि अगदी मधोमध आहे ‘थॅलमस’. हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ काय असेल, ओळखा! ‘आतली खोली’! बघा, ग्रीक लोकांनाही आपलं माजघर ठाऊक होतं!

आता रोज काय होतं? पहारेकरी ओरडतो, “हात मळलेत!” दिंडी उघडते. निरोप माजघरात जातो. हात धुतले जातात. दिंडी बंद. विषय संपला. टण्!

आणि ओसीडीत? शास्त्रज्ञांना वाटतं की दिंडी नीट बंदच होत नाही. किलकिली राहते. निरोप आत जातो, माजघरातून फिरून पुन्हा पहारेकऱ्याकडे येतो. तो पुन्हा ओरडतो, “हात मळलेत!” पुन्हा आत, पुन्हा बाहेर. गोल गोल गोल! जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं. फक्त हा पाळणा थांबत नाही आणि उतरताही येत नाही.

हे सगळं मी सोपं करून सांगतेय हं. खऱ्या वाड्यात चौक पुष्कळ आहेत आणि शास्त्रज्ञ अजून एकेक दार उघडून बघताहेत.

पेढे कोण जास्त खातं?

“पण डोकं न उघडता हे कळलं कसं?” शाब्बास! असाच प्रश्न विचारायचा.

मेंदू भारी खादाड आहे! आपल्या वजनाच्या पन्नासाव्या भागाएवढाच तो असतो, पण शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा फस्त करतो. आणि त्याला काय आवडतं? साखर! साताऱ्याचे कंदी पेढे खाल्ले की त्यातली साखर रक्तातून थेट याच्याकडे.

जो भाग जास्त काम करतो, तो जास्त साखर खातो. मग शास्त्रज्ञांनी युक्ती केली. साखरेसारख्या एका पदार्थाला एक छोटीशी खूण जोडली, यंत्राला दिसेल अशी. जणू पेढ्याला लावलेला चमकणारा ठिपका! मग यंत्रातून बघायचं, पेढे कुठल्या खोलीत जास्त गेले?

१९८७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी ओसीडी असलेल्या माणसांचे मेंदू असे पाहिले. काय दिसलं? आपला पहारेकरी पेढ्यांवर पेढे फस्त करत होता! शेपटीवाली दिंडीही जोरात कामाला लागलेली.

म्हणजे ठमी आळशी नाही, हट्टी नाही, नाटकी नाही. तिच्या वाड्यात खरोखरच जास्त गडबड आहे!

आणखी एक सांगू? तुम्ही पाढे म्हणताना चुकता. ‘सात सक बेचाळीस’ म्हणायचं आणि तोंडातून निघतं ‘चव्वेचाळीस’! बाई काही म्हणायच्या आतच तुमची जीभ दातांखाली जाते. मेंदूत ‘चुकलं!’ अशी ठिणगी उडते ती चुकीनंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! ओसीडी असलेल्यांच्या मेंदूत ही ठिणगी जास्त मोठी उडते, असं तपासणीत दिसलं आहे. आपल्याकडे टिकली फुटते, तिथे सुतळी बॉम्ब!

हात कोण हलवतं?

आता एक कोडं. शिंक येते, तेव्हा ती तुम्ही ठरवून देता का? नाही! आपोआप येते. आणि वर्गात हात वर करता, तो? तो तुम्ही ठरवून करता.

मग ठमीचं हात धुणं कुठल्या डब्यात टाकायचं? आपोआप की ठरवून?

विचार करा... नाही सुटत ना? कारण तो तिसराच डबा आहे! डास चावल्यावर येणारी खाज आठवा. खाजवायचं की नाही, हे तुमच्याच हातात आहे. पण न खाजवता बसणं किती अवघड! आणि खाजवलं की पळभर बरं वाटतं, मग खाज आणखी वाढते. ठमीचा हात तिचाच आहे, तीच तो हलवते. पण मनाची खाज तिला बसू देत नाही.

आपण ठरवून हात हलवतो, तेव्हा मेंदूत काय होतं? हे शोधायची युक्ती कुणाला सुचली आणि कुठे? जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावी, बागेत जेवता जेवता! १९६४ सालची गोष्ट. कोर्नह्यूबर आणि डीके हे दोघे शास्त्रज्ञ. त्यांनी माणसांच्या डोक्याला तारा लावल्या आणि सांगितलं, “मनाला येईल तेव्हा बोट हलवा.” मेंदूतली बारीक वीज टेपवर नोंदवत गेले. मग काय केलं असेल? टेप उलटी वाजवली! बोट हललं त्या क्षणापासून मागे मागे गेले.

आणि काय सापडलं? बोट हलण्याच्या सुमारे एक सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली! जणू मांजर. झेप दिसते नंतर, पण दबा धरून ती आधीच बसलेली असते.

पुढे १९८३ साली बेंजामिन लिबेट यांनी आणखी गंमत केली. माणसांसमोर एक घड्याळ ठेवलं, भरभर फिरणाऱ्या ठिपक्याचं. “बोट हलवावंसं वाटलं, तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगा.” उत्तर ऐका! मेंदूची तयारी सुरू झाली बोट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी. आणि ‘आता हलवू या’ असं माणसाला वाटलं ते फक्त पाचवा भाग सेकंद आधी!

म्हणजे स्वयंपाकघरात कढई आधीच चढलेली आणि आपण मागाहून म्हणतोय, “आज भजी करू या का?” याचा नेमका अर्थ काय, यावर शास्त्रज्ञ अजून कडाकडा भांडताहेत. पण लिबेट म्हणत, शेवटच्या क्षणी ‘नको!’ म्हणायची संधी आपल्याला असते.

खो-खोत नाही का! तुम्ही उठायच्या तयारीत बसलेले असता. पाय शिवशिवत असतात. पण ‘खो’ मिळाल्याशिवाय उठलात तर फाउल! उठायची तयारी झाली, तरी स्वतःला धरून ठेवणं, हासुद्धा एक खेळ आहे. आणि ‘स्टॅच्यू!’चा खेळ? तो तर नुसता ब्रेकचाच! शास्त्रज्ञही असलाच खेळ खेळतात. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबा, पण मध्येच खूण झाली तर थांबा! मोठ्या माणसांचा ब्रेक लागायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. ओसीडी असलेल्यांचा ब्रेक थोडा उशिरा लागतो, असं काही चाचण्यांत दिसलं. थोडासाच. पण पंगतीत तुम्ही पानावर हात आडवा धरून ‘बास, बास’ म्हणायला एवढासा उशीर झाला, तर बुंदी पडलीच ना पानात!

तार काढली, तरी पाय चालूच!

इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात क्लेअर गिलन आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांच्या गटाने एक प्रयोग केला. तो छापून आला २०१४ साली. माणसांच्या मनगटांना तारा लावल्या. विजेचा हलकासा चटका बसे. पण खूण दिसताच पायाने पट्टी दाबली की चटका टळायचा. खूप खूप सराव झाला. मग एका हाताची तार सगळ्यांदेखत काढून टाकली. आता चटका बसूच शकत नाही!

तुम्ही पट्टी दाबाल का? कशाला! पण ओसीडी असलेल्या माणसांपैकी अनेकांचा पाय दाबतच राहिला. ‘तार काढली आहे, चटका बसणार नाही’ हे त्यांना नीट माहीत होतं. तरीही! सवय इतकी घट्ट बसली की माहितीला तिने विचारलंच नाही.

सुट्टीच्या दिवशी सायकल काढली आणि आपोआप शाळेच्या रस्त्याला लागलात, असं झालंय ना कधी? तेच, पण कितीतरी पट घट्ट.

आता उंदरांची गोष्ट! काही खास उंदीर असतात. त्यांच्यात एक जनुक नसतो. ते सारखं तोंड धूत बसतात, कातडी सोलवटेपर्यंत. २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या गटाने त्यांना एक खेळ शिकवला. आधी ‘टूं’ असा आवाज, मग कपाळावर पाण्याचा एक थेंब. साधे उंदीर हळूहळू शहाणे झाले. थेंब पडेपर्यंत थांबायला शिकले. खास उंदीर मात्र आवाज झाला की लगेच तोंड पुसायला लागत!

मग शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूत पहारेकऱ्याकडून दिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर उजेड पाडला. हो, खरोखरचा उजेड! त्या वाटेवरच्या पेशी उजेडाने जाग्या होतील अशी सोय आधीच केलेली होती. आणि काय आश्चर्य! उंदीर थांबले. साध्या उंदरांसारखेच थेंबाची वाट पाहू लागले.

माणसांवर असा उजेड पाडत नाहीत हं! पण थांबायची वाट मेंदूत असते आणि ती जागी करता येते, हे त्या उंदरांनी दाखवलं.

माकडाचा विचार करू नका!

चला, एक प्रयोग करू. घड्याळ लावा. एक मिनिट डोळे मिटा. कशाचाही विचार करा, फक्त महाबळेश्वरच्या माकडाचा करायचा नाही. माकड मनात आलं की टाळी वाजवायची. एक, दोन, तीन, सुरू!

... काय झालं? टाळ्याच टाळ्या ना?

१९८७ साली अमेरिकेत डॅनिएल वेग्नर यांनी हेच केलं होतं. फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल आणि टाळीऐवजी घंटा! पाच मिनिटं घंटा वाजतच राहिल्या. विचाराला ‘जा’ म्हटलं की तो पाय रोवून बसतो!

आणि एक गुपित. विचित्र, वाईट, नकोसे विचार जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यात येतात. माझ्याही, तुमच्याही, मुख्याध्यापकांच्याही! आपल्याकडे ते पाहुण्यासारखे येतात आणि जातात. ठमी घाबरून दार लावायला जाते, म्हणून ते तिच्याकडे मुक्कामच ठोकतात.

वाईकरांना हे फार पूर्वी कळलं होतं, असं मला गमतीने वाटतं. ढोल्या गणपतीचं देऊळ पाहिलंय? गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं. अगदी कृष्णेच्या काठाला! पूर आला की पाणी देवळाला भिडणार. मग केलं काय? मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली. पाणी येतं, दोन बाजूंना फाटतं आणि निघून जातं. नदीला कुणी थांबवत बसलं नाही. जाऊ दिलं!

घाटाची एकेक पायरी

आता सगळ्यात छान भाग. ठमीला बरं वाटू शकतं का? हो! कसं, ते बघा.

थंडीतली सकाळ. मोठ्या माणसांबरोबर तुम्ही वाईतल्या गंगापुरीच्या घाटावर गेला आहात. एकदम पाण्यात उडी? बाप रे! मग काय करतो आपण? पहिल्या ओल्या पायरीवर पाय. ऊऊऊ! गार! दात वाजतात. पण तिथेच थोडं उभं राहिलं की? पाणी तेवढंच गार असतं, पण पायांना गार लागेनासं होतं. मग दुसरी पायरी. मग तिसरी.

ओसीडीवर हाच उपाय करतात! लंडनमधल्या व्हिक्टर मेयर यांनी तो १९६६ साली मांडला. आज डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ ठमीबरोबर बसून पायऱ्या आखतात. पहिली पायरी, पेन्सिलीला हात लावायचा आणि पाच मिनिटं हात धुवायचे नाहीत. पुढची, चप्पल उचलायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पहारेकरी ओरडणार, “धू! धू! धू!” छाती धडधडणार. ठमी काही न करता बसणार. आणि मग हळूहळू... पहारेकरी दमतो! घसा बसतो त्याचा. काहींना औषधही देतात, तेही मदत करतं.

आता कान अगदी जवळ आणा. बॅक्स्टर आठवतात ना, पेढेवाले? त्यांनी १९९२ साली पुन्हा मेंदू पाहिले. काही जणांना औषध दिलं होतं. काही जण फक्त पायऱ्या उतरत होते, औषध अजिबात नाही. साधारण दहा आठवडे गेले. ज्यांना बरं वाटलं, त्यांच्या मेंदूत काय दिसलं? दिंडीची गडबड कमी झाली होती. औषधवाल्यांचीही आणि पायऱ्यावाल्यांचीही!

कळलं का काय झालं ते? पायऱ्यावाल्यांच्या डोक्यात कुणी हात घातला नाही, त्यांना गोळी दिली नाही. माणसं नुसती थांबायला शिकली. आणि त्यांच्या थांबण्याने त्यांचा मेंदू बदलला! मेंदू हाताला हुकूम देतो, हे आपल्याला ठाऊक होतं. पण हात मेंदूला शिकवतो, हे ठाऊक होतं का?

तुमच्या वर्गात ठमी असेल तर

असू शकते. कदाचित तुम्हीच ठमी असाल! मग लपवू नका. आईबाबांना सांगा, आवडत्या बाईंना सांगा. १४४१६ या नंबरवर फोन केला की सरकारी ‘टेलिमानस’ सेवेतले लोक मराठीतही बोलतात आणि पैसे पडत नाहीत.

मैत्रिणीला असेल, तर चिडवायचं नाही. ‘मंत्रचळी’ म्हणून हाक तर मुळीच मारायची नाही! आणि पेन्सिली ओळीत लावायला आवडणं म्हणजे ओसीडी नव्हे हं. ती आवड झाली. आवडीत मजा येते. ओसीडीत मजा नसते, नुसती धास्ती असते.

आता ठमीकडे परत जाऊ? ती शाळेतून आलीय. हात धुतलेत, एकदाच. नळ बंद. तिने कान टवकारले. घंटा? नाहीच वाजली.

पहारेकरी ओरडला, “धू परत!” ठमीने एक मोठ्ठा श्वास घेतला. आणि घंटेची वाट न बघता स्वतःच्याच तोंडाने म्हणाली, “झालं!”

पोटात गोळा आला होता. तरी ती पाटावर बसली. पोह्यांवर लिंबू पिळलं. एक घास. दोन घास. शेंगदाणे निवडून आधी खाल्ले. आई कसली तरी गंमत सांगत होती, ठमी फसकन हसली.

अर्धी बशी संपली, तेव्हा कुठे डोक्यात आत, खूप आत, कुणीतरी वाजवलं. टण्!

उशिरा. पण वाजली! आणि पोहे अजून गरम होते.